हरीभाऊंनी ऐकलेली डिस्क

वसईजवळच्या वालीवमध्ये, कारखान्यांच्या वस्तीत, एखादं मशीन कुरकुरायला लागलं की मालक आधी हरिश्चंद्र राऊतला शोधायचे. तो आमच्या कारखान्यात फिटर होता, पण आजूबाजूच्या गाळ्यांतूनही "जरा तुमचे हरीभाऊ पाठवा" असा निरोप यायचा. सगळे त्याला हरीभाऊच म्हणत, वयाने मोठे असोत की लहान. मी त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपर म्हणजे मागितलेली वस्तू न देण्याचा पगार घेणारा माणूस. माझा स्वभाव त्या कामाला शोभेल असाच होता, तेव्हा मी कुणाची उगाच स्तुती करतोय असं कुणी समजू नये.

हरिश्चंद्रची पद्धत अशी होती. लाकडी मुठीचा, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. त्याचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डोळे मिटायचे. तेवढा वेळ शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, असा नियम आमचे मालक परेशशेठ, त्यांच्या वडिलांनी घालून दिला होता. मिनिटभराने तो डोळे उघडायचा आणि सांगायचा, "डाव्या बाजूचं बेअरिंग आहे. शुक्रवारपर्यंत चालेल." शुक्रवारी ते जायचं. एकदा त्याने सोमवार सांगितला आणि बेअरिंग शनिवारीच गेलं, तेव्हा त्या मालकाने आपणहून कबूल केलं की मधे दोन जादा पाळ्या चालवल्या होत्या.

तो जवळच्याच निर्मळ गावचा. घरची केळीची आणि फुलांची वाडी होती, पण वाडी थोरल्या भावाने सांभाळली आणि हा शाळा सुटल्यावर पत्रा कापायच्या एका कारखान्यात लागला. तिथे अकरा वर्षं काढली आणि मग आमच्याकडे आला. रोज सकाळी स्कूटरवरून यायचा, स्कूटरच्या हुकाला डबा आणि कधीकधी केळ्यांची फणी. बोलणं बेताचं. हातातलं काम नीट करणारे फिटर वालीवमध्ये पैशाला पासरी होते. ह्याला जो मान होता तो कानाचा होता, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तर ह्या हरिश्चंद्रला ऐकू येईनासं झालं होतं.

ते मला कळलं दोन हजार सालच्या सुमाराला. स्टोअरच्या खिडकीशी तो उभा होता आणि मी पाठमोरा होऊन कपाटात काहीतरी शोधत होतो. शोधता शोधता विचारलं, "पाव इंची देऊ की तीन अष्टमांश?" उत्तर नाही. वळून बघितलं तर तो शांतपणे माझ्या पाठीकडे बघत उभा. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्याची नजर माझ्या ओठांवर आली आणि लगेच उत्तर आलं. मग मी बघत गेलो. हा माणूस आता कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नव्हता, तोंडाकडे बघून बोलत होता. फोन वाजला की सगळ्यांच्या माना वळायच्या, आणि त्या वळल्या म्हणून ह्याची वळायची. "मशीन चालू आहे रे, परत सांग," असं तो म्हणायचा, आणि एकदा तर सगळी मशिनं बंद असताना म्हणाला.

पत्र्याच्या कारखान्यातल्या कर्कश आवाजात काढलेली अकरा वर्षं अशी वसूल होत होती. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी गेले. जाड घरघर अजून हाडातून कळायची, उरलेलं तळहाताने समजायचं, आणि बाकीचं तीस वर्षांच्या अनुभवावर भागायचं. मोठ्या मशीनचं निदान अजून बरोबर यायचं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी कुणाला सांगितलं नाही. मोठेपणा म्हणून नाही. माझं काय जात होतं, एवढाच विचार त्यामागे होता.

आता कॉम्प्युटरचं. आम्ही साचे बनवायचो. बाटलीचं झाकण, डब्याची कडी, बादलीची मूठ, प्लास्टिकची कुठलीही वस्तू काढायची तर तिचा पोलादी साचा आधी लागतो, आणि साच्याचं ड्रॉइंग त्याच्याही आधी लागतं. पूर्वी ही ड्रॉइंगं ट्रेसिंग पेपरवर असायची. अठ्ठ्याण्णव साली परेशशेठनी कॉम्प्युटर घेतला आणि सगळी जुनी ड्रॉइंगं हळूहळू त्यात चढवली गेली. ट्रेसिंगला वाळवी लागली होती, ती पावसाळ्याआधी जाळून टाकली. साचा तयार झाला की तो गिऱ्हाईकाकडे जायचा. आमच्याकडे राहायचं फक्त ड्रॉइंग. दोन वर्षांनी गिऱ्हाईक म्हणायचं, तसाच आणखी एक द्या, किंवा त्याची अमुक बाजू झिजली ती बदला. त्या वेळी ड्रॉइंग नसेल तर आम्ही नुसते लोखंड घासणारे.

कॉम्प्युटरवर रेवा बसायची. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, नालासोपाऱ्याला आईबरोबर राहणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. नीटनेटकी, जराशी फटकळ. तिला तीन वर्षं पुरी होत आली होती आणि २००३ च्या दिवाळीत कायम करतो, असा शब्द परेशशेठनी दिला होता. त्या शब्दावर तिने घरासाठी फ्रीज बघून ठेवला होता, हे तिनेच मला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, शब्दावर फ्रीज थंड होत नाही. ती हसली नव्हती.

गणपती झाल्यावर ती माझ्या खिडकीशी आली.

"चंद्रहास काका, फ्लॉपीचे दोन बॉक्स पाहिजेत."

"कशाला?"

"डिस्क जाणारे कॉम्प्युटरची."

"कशावरून?"

तिने सांगितलं ते मला जसं आठवतंय तसं लिहितो. पूर्वी चुटकीसरशी उघडणारं ड्रॉइंग आता चहा पिऊन होईपर्यंत उघडत नव्हतं. सेव्ह करताना सगळंच गोठून जायचं आणि माऊस हलवला तरी हलायचा नाही. झाकणाचं एक ड्रॉइंग उघडलं तर त्यातली अर्धी वर्तुळंच नव्हती. एका फोल्डरमधल्या नावांच्या जागी कुठल्याशा परक्या लिपीतल्यासारखी चिन्हं आली होती. सकाळी सुरू करताना तो आपोआप निळ्या पडद्यावर डिस्क तपासायला बसायचा, चौकोनांच्या रांगा भरत जायच्या आणि मधेमधे बी हे अक्षर उमटायचं. बी म्हणजे बॅड, तेवढी जागा गेली. परवा तीन बी होते, आज अकरा. "आणि आतून आवाज येतो. टिक टिक टिक, मग थांबतो, मग परत टिक. कुणीतरी नखाने वाजवल्यासारखा. पूर्वी नव्हता येत."

"शेठना सांगितलंस?"

"सांगितलं. नवीन डिस्क आणा, जुनी चालू आहे तोवर सगळं त्यात कॉपी करते, असं म्हटलं. ते म्हणाले, आवाजावरून मशीन बदलायचं तर आधी हरीभाऊंना ऐकव. ते म्हणाले बदला, की बदलू."

तिला ते हास्यास्पद वाटत होतं. मला वाटलं नाही. आमच्याकडे गेली वीस वर्षं बेअरिंगची पुडीसुद्धा त्याच्या कानाशिवाय फुटली नव्हती. परेशशेठनी हा कायदा वडिलांकडून उचलला होता, आणि कॉम्प्युटर काही त्यांच्या दृष्टीने कायद्याबाहेर नव्हता. आत काहीतरी फिरतं ना? मग ऐकायचं.

मी तिला फ्लॉपीचा एकच बॉक्स दिला. दुसऱ्यासाठी शेठची सही आण म्हटलं. नियम तसा होता. दहा फ्लॉप्या. एकेकीत दोन नाहीतर तीन ड्रॉइंगं मावायची, मोठ्या साच्याचं तर एकही मावायचं नाही. डिस्कवर सहाशेच्या वर ड्रॉइंगं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्र केबिनमध्ये आला. रेवाने कॉम्प्युटरचं झाकण उघडून ठेवलं होतं. परेशशेठ टेबलाला टेकून उभे, मी दारात. शेडमधली मशिनं बंद करायला लावली होती. हरिश्चंद्रने आतल्या त्या चपट्या डबीकडे जरा वेळ बघितलं. एवढं लहान मशीन त्याने कधी ऐकलं नव्हतं. मग त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक अलगद डबीवर टेकवलं, मूठ हाडाला लावली आणि डोळे मिटले.

टिक टिक टिक.

मला दारात ऐकू आलं. रेवाने माझ्याकडे बघितलं. परेशशेठ कॉम्प्युटरकडे बघतच नव्हते, ते हरिश्चंद्रच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य मशीनऐवजी त्या चेहऱ्याकडे बघण्यात गेलं होतं.

टिक टिक. थांबलं. टिक.

हरिश्चंद्रने डोळे उघडले. "चांगली फिरतेय," तो म्हणाला. "एकसारखी. बेअरिंगला काही नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. डिस्क फिरत होती आणि ते फिरणं त्याच्या हाडाला कळलं होतं.

"काका, आणि टिक-टिक?" रेवाने विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मला वाटलं, आता सांगेल.

"पंख्याची असेल," तो म्हणाला. "पंख्यात धूळ बसते."

परेशशेठनी समाधानाने मान डोलावली आणि ते निघून गेले. मी दारातून बाजूला झालो. मला फक्त "शेठ, मला ऐकू येतोय आवाज" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग हरीभाऊंना कसा नाही आला? आणि चारचौघांत त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. मला लाज वाटली. स्टोअरमध्ये जाऊन मशीन पुसायच्या कॉटन वेस्टचे गठ्ठे मोजायला बसलो तोवर तीही वाटेनाशी झाली. माझ्या बाबतीत असंच होतं. वाटायला हवं ते थोडा वेळ वाटतं आणि मग त्यावर काहीतरी साचतं.

रेवा हुशार. तिच्या लक्षात आलं की डिस्क एकदा थंड झाली की सुरू होताना फार कुरकुर करते, एकदा तर तीन वेळा बटण दाबावं लागलं. तेव्हापासून तिने कॉम्प्युटर बंदच केला नाही. रात्रंदिवस चालू. पडद्यावर 'बंद करू नये' असा कागद चिकटवला. परेशशेठच्या सहीसाठी ती दोनदा गेली, ते एकदा भिवंडीला होते आणि एकदा "हरीभाऊंनी सांगितलंय ना" म्हणाले. दहा फ्लॉप्यांत मिळून तिने चोवीस ड्रॉइंगं उतरवली. कुठली चोवीस घ्यायची हे ठरवायला तिला दोन दिवस लागले.

आणि मग खंडेनवमी आली.

वालीवला खंडेनवमी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. दिवाळीला सुट्टी, पण खंडेनवमीला भक्ती. आदल्या दिवसापासून मशिनं रॉकेलने पुसायची, फरशी धुवायची. हत्यारं ओळीने मांडायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. आमची फुलं निर्मळहून यायची, हरिश्चंद्र स्कूटरवर पुढे पोतं घालून आणायचा. आरतीच्या आधी मेन स्विच खाली ओढायचा. वर्षभर राबलेल्या मशिनांनी त्या दिवशी आणि दसऱ्याला विश्रांती घ्यायची, त्यांच्याकडून काम घेतलं तर ते वर्ष जड जातं. मेन स्विच ओढायचा मान सर्वांत जुन्या माणसाचा. आमच्याकडे तो हरिश्चंद्रचा.

रेवाला हे माहीत होतं, आधीच्या दोन वर्षी तिनेच कॉम्प्युटरला कुंकू लावलं होतं. पण मेन स्विच ओढला की केबिनही बंद होते, हे तिच्या ऐन वेळी ध्यानात आलं. वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या खालच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती. सगळे रांगेत उभे होते. हरिश्चंद्र भिंतीवरच्या स्विचकडे तोंड करून, पाठ आमच्याकडे. हातात तबक म्हणून ती मागे अडकलेली.

"काका, थांबा," ती म्हणाली. "काका, कॉम्प्युटर चालू राहू दे. हरीभाऊ काका."

शेडमध्ये मशीन एकही चालू नव्हतं. प्रत्येकाला ऐकू आलं. हरिश्चंद्रने दांडा खाली ओढला.

केबिनमधला पंखा गरगरत मंदावला आणि थांबला. तो वळला आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघू लागला. काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं. रेवाचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, त्याने मुद्दाम केलं. आपण त्याच्या निदानावर शंका घेतली त्याचा राग त्याने असा काढला. परेशशेठना वाटलं, शुभकार्यात पोरीने मधे तोंड घालायला नको होतं. आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्यानंतरच्या सकाळी रेवाने बटण दाबलं. टिक टिक टिक, मग एक खरखर, मग टिक. पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दुपारपर्यंत ती दाबत होती.

वसई स्टेशनजवळचा आल्बर्ट कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, त्याला बोलावलं. तो डबी काढून, आपल्या मशीनला जोडून, कानाशी धरून बसला.

"गेली," शेवटी म्हणाला. "आतलं डोकं गेलं, प्लेटीवर घासलंय. ही काय एका दिवसात नाय गेली. महिनाभर आधी सांगत असते. स्लो होते, फायली खराब होतात, आवाज करते. आवाज सुरू झाला की पहिलं काम, सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. बंद तर अजिबात करायची नाय. चालू होती तोवर चान्स होता."

"परत मिळणार नाही काही?" परेशशेठनी विचारलं.

"बाहेर देशात पाठवतात म्हणे. मी तरी पाठवलेली नाय." मग त्याने विचारलं, "आवाज कुणी ऐकला नाय का?"

"हरीभाऊंनी ऐकली होती," परेशशेठ म्हणाले. "तेव्हा चांगली होती."

आल्बर्टची मिशी दाट, त्यात ओठ दिसत नव्हते. हरिश्चंद्र कोपऱ्यात उभा राहून ती मिशी वाचायचा प्रयत्न करत होता. पण परेशशेठचं वाक्य त्याने बरोबर वाचलं.

सहाशे ड्रॉइंगं गेली तर कुणाची तरी मान हवी असते. हरीभाऊंनी चांगली सांगितलेली डिस्क आपोआप जाणार नाही, म्हणजे नंतर काहीतरी केलं गेलं. रात्रंदिवस चालू ठेवून तापवली. गेम टाकले असतील. माहीत होतं तर सगळ्याची कॉपी का नाही केली? रेवाने फ्लॉप्यांचं सांगितलं. परेशशेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एक बॉक्स दिला होता. तेही खरंच होतं. त्या दिवशी आम्ही सगळे खरंच बोलत होतो.

शनिवारपासून येऊ नकोस, असं तिला सांगण्यात आलं. शनिवारी फक्त कागदावर सही करून जा, काम समाधानकारक नव्हतं असा कागद. असा कागद घेऊन वालीवमध्ये दुसरीकडे कुणी उभं करत नाही. सगळे एकमेकांना ओळखतात.

मधल्या एका संध्याकाळी मी निर्मळला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. हरिश्चंद्रची बायको अनसूया ओसरीवर झेंडूची उरलेली फुलं निवडत होती. त्यांची घरातली बोली वेगळी, पण माझ्याशी ती शाळेतल्या मराठीत बोलायची.

"या भाऊजी. ते मागे आहेत, केळीत. हाक मारू नका, जवळ जा."

मी तिच्याकडे बघितलं.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "मी समोर उभी राहूनच बोलते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. तुमच्याकडे माहीत आहे का कुणाला?"

"मला."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

उत्तराची वाट न बघता तिने पुन्हा फुलं निवडायला घेतली.

केळीच्या ओळीत हरिश्चंद्र सुकलेली पानं कापत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं, "हरीभाऊ, रेवाला काढताहेत. तुला आवाज आलाच नव्हता."

त्याने कोयता खाली ठेवला. "नाही आला."

"आणि खंडेनवमीला ती तुला थांब म्हणाली, तेही नाही आलं."

हे त्याला माहीत नव्हतं. तो खाली बसला. "म्हणाली होती?"

"तीनदा."

"मला वाटलं, एवढंसं मशीन, त्याचा आवाजच नसेल," तो म्हणाला. "खोटं सांगतो. तसं नाही वाटलं. पोरगी म्हणाली टिक-टिक, म्हणजे असणार, हे कळलं होतं मला."

"मग शनिवारच्या आत शेठना सांग."

"सांगितलं तर मी कोण राहिलो रे?"

त्याने हे रडवेला होऊन विचारलं नाही. किती वाजले विचारावं तसं विचारलं. माझ्याही आत काही हललं नाही. पायाला मुंगी चावत होती तेवढं जाणवत होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही," आणि परत आलो.

शुक्रवारी तो कामावर आला, काही बोलला नाही. मी समजलो की आता बोलणार नाही. त्याला दोष द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि दिला असता तरी त्यात जोर नव्हता.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत रेवा आली. मशिनं बंद होती, माणसं डबे उघडून बसली होती. परेशशेठ कागद आणि पेन घेऊन केबिनमधून बाहेर आले. रेवाने पेन हातात घेतलं तेव्हा हरिश्चंद्र आपल्या जागेवरून उठला. हात धुतले, पुसले, आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"शेठ, एक मिनिट. तिने सही करायच्या आधी एक काम करा," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता, गेली काही वर्षं असायचा तसा. "मी त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. तुम्ही मला हाक मारा. रोज मारता तशी. मी वळलो तर तिची सही घ्या. नाही वळलो तर तिचं काही चुकलेलं नाही."

"हे काय हरीभाऊ?"

तो त्यांचे ओठ वाचायला थांबला नाही. शेडच्या टोकाला गेला, भिंतीपासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि हात मागे बांधले. डबे उघडे तसेच राहिले. त्याला ऐकायचं असायचं तेव्हा आम्ही गप्प बसायचो, तसेच गप्प बसलो.

परेशशेठनी हाक मारली. "हरीभाऊ." रोजच्यासारखी.

तो उभा होता.

त्यांनी पुन्हा मारली, थोडी मोठ्याने. आमच्यातल्या दोघातिघांना उगाच 'हो' म्हणावंसं वाटलं असेल अशी. हरिश्चंद्रची मान जरासुद्धा हलली नाही. रेवा पेन धरून उभी होती, तिच्या तोंडून आपसूक निघालं, "काका."

परेशशेठ माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

मी भिंतीकडे बघितलं आणि म्हटलं, "हरिश्चंद्र." वीस वर्षांत मी त्याला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. माझा आवाज स्वच्छ निघाला, सगळ्यांनी ऐकला.

परेशशेठनी कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली आणि खिशात घातली. खिशातला हात त्यांनी बराच वेळ बाहेर काढला नाही. तिकडे हरिश्चंद्र अजून वाट बघत उभा होता. किती वेळ उभं राहायचं, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. शेवटी रेवा त्याच्याकडे गेली. तिने त्याच्या खांद्याला हात लावला तसा तो दचकून वळला आणि तिच्या ओठांकडे बघू लागला.

"हाक मारली का?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

"कितींदा?"

रेवाचे ओठ थरथरत होते, त्यावरून काही वाचता आलं नसतं. तिने हात वर केला आणि चार बोटं दाखवली.